मुलांच्या मायग्रेनसाठी रोजची गोळी: फ्लुनारिझिन, प्रोप्रॅनोलॉल की आणखी काही?

कोलशेतची_आई

नमस्कार मंडळी. लेक अकरा वर्षांची, सहावीत. दिवाळीपासून तिची डोकेदुखी वाढली आहे. आधी महिन्यातून एखादवेळी व्हायची, आता आठवडा सुखाचा जात नाही. कपाळावर दोन्ही बाजूंना ठणकतं. उजेड नको, टीव्ही नको, आजीच्या देवघरातल्या उदबत्तीचा वास नको. एकदा उलटी झाली की झोपते आणि दोन-तीन तासांनी उठून काहीच झालं नसल्यासारखे पोहे मागते.

डोळ्यांना नंबर नाही. बालरोगतज्ज्ञांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी डोळ्यांत दिवा टाकून आतला पडदा पाहिला, सरळ रेषेत चालायला लावलं, गुडघे ठोकले आणि मायग्रेन आहे म्हणाले. एमआरआयची गरज नाही म्हणाले, त्यावर सासूबाई अजून नाराज आहेत.

दुखेल तेव्हाचं औषध दिलंच आहे. पण शाळा इतकी बुडतेय म्हटल्यावर ते म्हणाले, काही महिने रोज प्रतिबंधक गोळी देता येईल. फ्लुनारिझिन किंवा प्रोप्रॅनोलॉल, नाहीतर टोपिरामेट. पुढच्या वेळी विचार करून सांगा. आता आम्ही काय विचार करणार? नवरा रात्री मोबाइलवर एकेका गोळीचे दुष्परिणाम मोठ्याने वाचतो आणि मग दोघांनाही झोप येत नाही.

ज्यांच्या मुलांनी यातलं काही घेतलं आहे त्यांनी सांगा: फरक पडला का, किती दिवसांनी, आणि त्रास काय झाला? डोस विचारत नाहीये.

नेरूळचा_गोलकीपर

आमच्या मुलाला प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं. डोकं थांबलं, पण फुटबॉलही थांबला. पोरगं मैदानात अर्ध्या तासात बसकण मारायचं. हे औषध हृदयाचे ठोके वाढूच देत नाही, तर धावणार कसं? डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी हळूहळू कमी करून बदललं. हळूहळू हा शब्द लक्षात ठेवा, हे औषध एकदम बंद करत नाहीत.

मिरची_भजी

मोबाइल काढून घ्या. सगळं बंद होईल.

खारघर_सेक्टर_बारा

@मिरची_भजी, माझा पहिला मायग्रेन दूरदर्शनच्या काळातला आहे. तेव्हा घरात फोनसुद्धा नव्हता. कोणाचा काढून घ्यायचा होता?

मिरची_भजी

शेजाऱ्यांचा.

आकडेमोड

कोलशेतची_आई, कोणती गोळी हे ठरवण्याआधी एक अभ्यास माहीत असलेला बरा. अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ३६१ मुलं घेतली होती. काहींना अ‍ॅमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट, काहींना नुसती दिसायला तशीच खोटी गोळी. २४ आठवडे चालणार होती. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा जास्त कमी झाले तर यश, अशी अट ठेवली होती.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन ५२ टक्के. टोपिरामेट ५५ टक्के. खोटी गोळी ६१ टक्के.

पुढे चालवून औषधं सरस ठरण्याची शक्यता उरली नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. आणि खऱ्या गोळ्यांचे त्रास खरेच होते. टोपिरामेटवर ३१ टक्के मुलांना हातापायांना मुंग्या, अ‍ॅमिट्रिप्टिलिनवर ३० टक्क्यांना थकवा. खोट्या गोळीवर हेच आकडे ८ आणि १४ होते. तेव्हा रोजची गोळी सुरू करण्याआधी दहादा विचार करा, एवढंच म्हणतो.

ऐरोली_नाका

म्हणजे चिंचेच्या गोळ्या द्यायच्या आणि औषध म्हणून सांगायचं? आमचं पोरगं एका नजरेत ओळखेल.

जुईनगर_जाई

@आकडेमोड, आकडे बरोबर आहेत, पण ते निम्मेच वाचले जातायत. मी बालरोग विभागात काम करते. कुठे ते विचारू नका, इथे सल्ला देणं हा माझा धंदा नाही. खोट्या गोळीवरच्या मुलांना फक्त गोळी मिळत नव्हती. त्यांना दर भेटीत कोणीतरी नीट ऐकून घेत होतं, डोकेदुखीची वही लिहून घेत होतं, झोप-जेवण-पाणी विचारत होतं, आणि दुखायला लागताच औषध कसं घ्यायचं ते शिकवत होतं. ते तिन्ही गटांना मिळालं. त्या चाचणीतून इतकंच कळतं की एवढं सगळं केल्यावर वरून गोळी घातली तर या वयात फार भर पडत नाही. औषधं फसवी आहेत किंवा मुलं सोंग करतात असा अर्थ त्यातून निघत नाही. मुलांमध्ये खोट्या गोळीचा गुण मोठ्या माणसांपेक्षा जास्त दिसतो, हे आधीपासून माहीत आहे.

दुसरं, त्या चाचणीत फ्लुनारिझिन आणि प्रोप्रॅनोलॉल नव्हतेच. फ्लुनारिझिन अमेरिकेत विकलंच जात नाही. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट मंडळींच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत ते मुलांमध्ये बहुधा गुणकारी म्हटलं होतं, आणि त्याच वाक्यात आमच्याकडे मिळत नाही अशी कबुली होती. आपल्याकडे उलट आहे. इथे मुलांच्या मायग्रेनला पहिलं नाव बहुतेक वेळा फ्लुनारिझिनचं निघतं.

आकडेमोड

मान्य. पण फ्लुनारिझिनचे मुलांवरचे अभ्यास जुने आणि छोटे आहेत. मोठ्या चाचणीत उतरलं असतं तर त्याचंही तेच झालं नसतं कशावरून?

जुईनगर_जाई

तेही शक्य आहे. नाही म्हणत नाही.

तलावपाळी

आमच्या घरात तिसरी पिढी अर्धशिशीची आहे. आजी, मी आणि आता मुलगा. आजीचा उपाय: सूर्य उगवायच्या आत दुधात बुडवलेली जिलबी, कोणाशी न बोलता. मुलाला हा उपाय इतका आवडला की दर रविवारी पहाटे डोकं दुखायला लागलं.

घोडबंदरी

आमच्याकडे नाकात साजूक तुपाचे दोन थेंब. आणि कपाळाला सुंठ उगाळून.

खारघर_सेक्टर_बारा

सुंठेचा लेप डोळ्यात उतरला की डोकेदुखी विसरायला होते, हे खरं.

सीबीडी_बेलापूर

टोपिरामेटचा अनुभव सांगते. मुलगी तेव्हा नववीत होती. डोकेदुखी नक्की कमी झाली, त्यात शंका नाही. पण सुरुवातीला बोटांना मुंग्या, भूक गेली, वजन उतरलं. कोकची चव विचित्र लागते म्हणायची, त्याचं मला मुळीच दुःख झालं नाही. खरा त्रास वेगळाच. बोलता बोलता अडायची. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून शब्द सापडायचा नाही. बाई म्हणाल्या अभ्यास कमी पडतोय, आणि ती रडत घरी. डॉक्टरांनी डोस खाली आणल्यावर गाडी रुळावर आली. पुढे दहावीच्या आधीच औषध हळूहळू बंद केलं.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेसाठी महत्त्वाची. या औषधाने काही मुलांना घाम कमी येतो. एप्रिल-मे महिन्यात वाशी-नेरूळच्या उकाड्यात मैदानावर खेळणाऱ्या मुलाला घाम आला नाही तर अंग तापतं. डॉक्टरांनी आम्हाला पाणी भरपूर पाजायला बजावलं होतं. घामासाठी आणि मूतखड्यासाठीही, कारण या औषधाने खडेही होऊ शकतात.

नेरूळचा_गोलकीपर

@सीबीडी_बेलापूर, घामाचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. मुलाला बदलून तेच सुचवत होते. आता विचारतो.

नौपाडा_केमिस्ट

औषधाच्या दुकानात बसतो म्हणून दोन शब्द. आपल्याकडे फ्लुनारिझिन आणि प्रोप्रॅनोलॉल एकत्र असलेल्या कॅप्सूलही मिळतात. काकांना चालल्या म्हणून पुतण्याला मागायला लोक येतात. जुनी चिठ्ठी, फोटोतली चिठ्ठी, कधी नुसती रिकामी स्ट्रिप घेऊन. मी परत पाठवतो, मग ते समोरच्या दुकानात जातात. एक तर त्यात डोस ठरलेला, मुलाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येत नाही. दुसरं, ज्याला दम्याची सवय आहे त्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, श्वासनळ्या आवळतात. कॅप्सूलच्या नावात ते कुठे लिहिलेलं नसतं. स्ट्रिपच्या पाठीमागे बारीक अक्षरात असतं, ते कोण वाचतं?

कोलशेतची_आई

एक मिनिट. लेकीला चार-पाच वर्षांची असताना पावसाळ्यात घरघर व्हायची, नेब्युलायझर लावावा लागायचा. पहिलीनंतर पुन्हा झालं नाही. हे धरायचं का? न्यूरॉलॉजिस्टने दमा आहे का विचारलं तेव्हा नवरा नाही म्हणाला, कारण आमच्या लेखी तो दमा नव्हता.

नौपाडा_केमिस्ट

धरायचंच. उद्या सकाळी फोन करून सांगा.

जुईनगर_जाई

हो, नक्की सांगा. घरघर, दमा, इनहेलर, नेब्युलायझर, यातलं काहीही कधीही झालं असेल तर ते त्यांना ठाऊक हवं. प्रोप्रॅनोलॉल देण्याआधी नाडी आणि रक्तदाबही बघतात. मधुमेह असलेल्या मुलातही जपून, कारण साखर खाली गेल्याची धडधड त्यात झाकली जाते.

आणि माझं मत विचाराल तर औषधांची तुलना अशीच करायची असते. कोणतं जास्त जोरात काम करतं याचं उत्तर या वयात कोणाकडेच खात्रीचं नाही. मूल कसं आहे त्यावर निवड होते. दमेकरी असेल तर प्रोप्रॅनोलॉल बाद. वजन आधीच जास्त असेल तर फ्लुनारिझिनआधी विचार, कारण त्याने भूक आणि झोप दोन्ही वाढतात. घरात डिप्रेशनचा इतिहास असेल तरीही तेच. झोप लागत नसेल तर रात्रीचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन कामाला येऊ शकतं. काड्यांसारख्या, जेवायला रडणाऱ्या मुलाला टोपिरामेट कशाला? सोडियम व्हॅल्प्रोएटही वापरतात, पण वयात येणाऱ्या मुलींना ते शक्यतो टाळतात, गर्भाला त्याचा धोका मोठा आहे. टोपिरामेटलाही ती काळजी आहे. आता कॉलेजातल्या मुलीच्या आईने हा विषय काढायला लाजू नये.

विटाव्याचा_बाबा

अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा कागद मी उघडून वाचला आणि त्यावर डिप्रेशनची गोळी असं होतं. घरात महाभारत झालं. आईचं म्हणणं, नातू वेडा आहे का? शेवटी डॉक्टरांनीच आईला फोनवर समजावलं की डिप्रेशनला लागते त्याच्या मानाने हा डोस फार कमी असतो आणि डोकेदुखीला हे औषध कित्येक वर्षं वापरतात. तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी उठवताना ढोल वाजवावा लागायचा. रात्री उशिराची वेळ बदलून जेवणाच्या आधीची केली, मग बरं झालं. मुलगा आता चांगला आहे. मूड बदलला, उगाच गप्प राहायला लागला तर लगेच कळवा, असं मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आम्ही लक्ष ठेवलं.

घोडबंदरी

माझ्या मते निम्मा आजार आमच्या रस्त्याचा आहे. मुलगी पावणेसातची बस पकडते. साडेपाचला उठवलं तर पोटात काही जात नाही. बस ट्रॅफिकमध्ये. पहिली सुट्टी साडेनऊला. संध्याकाळी क्लास, रात्री अकराला जेवण संपतं. रविवारी दहापर्यंत झोप आणि रविवारीच डोकं दुखतं. सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. पाचवीपासून पुढच्यांना काय झोप लागत नाही?

आकडेमोड

रविवारची डोकेदुखी ही चांगली खूण आहे. उशिरा उठणं आणि नाश्ता चुकणं, दोन्ही एकदम.

घोडबंदरी

चॉकलेट बंद करून पाहिलं होतं आधी. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं, डोकेदुखी चालूच.

जुईनगर_जाई

चॉकलेटला फुकटचं बदनाम केलं जातं. झटका येण्याआधी काही तास काही मुलांना गोड खावंसं वाटतं, जांभया येतात, चिडचिड होते. झटका तेव्हाच सुरू झालेला असतो. मग चॉकलेट खाल्लं आणि डोकं दुखलं असं दिसतं. वहीत खरंच दर वेळी जुळत असेल तर बंद करा, नाहीतर लेकराला छळू नका. उपाशी राहणं आणि झोप बिघडणं यांचा संबंध त्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.

तलावपाळी

म्हणजे जिलबी चालेल.

कळवा_खाडी

आमच्या भाच्याची गोष्ट. डोकं दुखलं की पेनकिलर, दुखेल असं वाटलं तरी पेनकिलर, परीक्षा आहे म्हणून पेनकिलर. शेवटी रोज दुखायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की पेनकिलरच आता डोकं दुखवतंय. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं घेतली आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर असं होऊ शकतं. मायग्रेनच्या झटक्यात घ्यायच्या ट्रिप्टान गटातल्या औषधांना तर मर्यादा १० दिवसांची. पेनकिलर बंद केल्यावर आधी आणखी वाईट, मग सुटका. प्रतिबंधक गोळी सुरू करण्याआधी पेनकिलरचे दिवस मोजायला सांगा तुमच्या डॉक्टरांना.

नौपाडा_केमिस्ट

आणि कृपा करून मुलांना डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. ताप-फ्लू असताना दिलं तर राय सिंड्रोमचा, म्हणजे मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होण्याचा धोका असतो. घरातल्या डब्यात पडलेल्या काही डोकेदुखीच्या गोळ्यांत ते असतं.

कोपरखैरणे_कट्टा

मला एक शंका आहे. एमआरआय न करता मायग्रेन म्हणणं बरोबर कसं? आमच्या ओळखीत एकाला मेंदूत गाठ निघाली होती.

जुईनगर_जाई

मायग्रेन तपासणीवरून आणि इतिहासावरून ठरतो, फोटोत दिसत नाही. एमआरआय कधी करायचा, याची यादी डॉक्टरांच्या डोक्यात असते. दुखण्याने झोपेतून जाग येणं, पहाटे उठल्याबरोबर उलट्या, खोकताना किंवा आडवं झाल्यावर वाढणं, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, फिट येणं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज, अचानक विजेसारखं आयुष्यातलं सर्वांत वाईट दुखणं, ताप आणि मान ताठ, किंवा अगदी लहान मूल. यातलं काही असेल तर एमआरआयची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर. कोलशेतची_आईच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, चालवलं, हे वाचूनच मला बरं वाटलं. अनेक ठिकाणी तेवढंही होत नाही.

मुलांचा मायग्रेन मोठ्यांसारखा दिसत नाही, हेही लक्षात घ्या. मोठ्यांत बहुधा एकाच बाजूला, मुलांत बहुधा दोन्ही बाजूंना. मोठ्यांत झटका किमान चार तासांचा धरतात, मुलांत दोन तासांचाही चालतो. म्हणून दुपारपर्यंत लोळलेलं पोर संध्याकाळी खेळायला गेलं की शाळा म्हणते सोंग.

पाचपाखाडी_पाच

हे वाक्य छापून आमच्या वर्गशिक्षिकांना द्यायला हवं. माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं तर डोकंही दुखत नाही, पोट दुखतं. बेंबीभोवती, पांढरा फटक पडतो, उलट्या, आणि काही तासांनी ठणठणीत. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, नजर काढून झाली. शेवटी पोटातला मायग्रेन निघाला. त्याला सायप्रोहेप्टाडिन दिलं आहे.

नौपाडा_केमिस्ट

भूक वाढवायचं सिरप म्हणून वर्षानुवर्षं खपलेलं औषध. मुळात अ‍ॅलर्जीचं.

पाचपाखाडी_पाच

तेच तेच! औषध सुरू झाल्यावर मुलगा पहिल्यांदाच स्वतःहून पोळी मागतोय. सासरकडची मंडळी खूश. पोटदुखीही बरीच लांबली आहे. दुपारी मात्र पेंगतो.

ऐरोली_नाका

माझं वेगळं मत. आमच्या डॉक्टरांनी मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन दिलं, म्हणजे व्हिटॅमिन बी टू. शू पिवळी धमक झाली तेव्हा घाबरलो, पण ते होतंच म्हणाले. मुलाला आता महिन्याला एखादवेळीच दुखतं. जड गोळ्यांआधी हे का करत नाहीत?

आकडेमोड

रायबोफ्लेविनचे मुलांवरचे निकाल उलटसुलट आहेत. काहींत गुण दिसला, काहींत नाही. त्रास कमी, म्हणून देतात. पण ६१ टक्के लक्षात आहेत ना? तुमचा मुलगाही त्यातला असू शकतो.

ऐरोली_नाका

असेना का! बरा आहे.

सीबीडी_बेलापूर

@आकडेमोड, मला एक सांगा. तुम्ही ६१ चा आकडा पुन्हा पुन्हा देता. पण माझी मुलगी जर उरलेल्या ३९ मधली असेल तर? तिने झोप, जेवण, वही, सगळं सहा महिने करून पाहिलं होतं. शाळेतून फोन आला की माझ्या पोटात गोळा. तेव्हा कोणी सरासरी सांगितली असती तर मी काय केलं असतं?

आकडेमोड

तुमच्या जागी मीही गोळी दिली असती. माझा आक्षेप पहिल्या भेटीतच गोळी लिहून द्यायला आहे.

एक अभ्यास मात्र मला औषधांपेक्षा जास्त पटतो. २०१३ चा, १० ते १७ वयाची १३५ मुलं, सगळ्यांना अ‍ॅमिट्रिप्टिलिन. अर्ध्यांना सोबत कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे दुखणं येतंय हे ओळखणं, श्वास, अंग सैल सोडणं, घाबरून न जाणं. बाकीच्यांना नुसती माहिती. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी होणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६६ टक्के, दुसऱ्यात ३६. गोळी तीच.

विटाव्याचा_बाबा

हे शिकवणारं ठाण्यात कोण आहे? आमच्याकडे समुपदेशक म्हटलं की दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची ते सांगतात.

खारघर_सेक्टर_बारा

मोठ्या रुग्णालयांच्या बाल मानसशास्त्र विभागात विचारा, करतात. फी आणि अपॉइंटमेंट, दोन्हींची तयारी ठेवा. आमच्याकडे ऑनलाइनवर जमलं.

मिरची_भजी

म्हणजे शेवटी मोबाइलच.

संचालक_मंडळ

डोस विचारणारे आणि सांगणारे तीन प्रतिसाद उडवले आहेत. वजन टाकून डोस विचारू नये. चिठ्ठीचे फोटो टाकू नयेत.

सानपाडा_सत्तावीस

अमेरिकेत महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मुलांना मंजूर झालंय म्हणे. तिकडचा चुलतभाऊ सांगत होता.

जुईनगर_जाई

फ्रेमानेझुमॅब. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे ६ ते १७ वयाच्या, ४५ किलो किंवा जास्त वजनाच्या मुलांना अधूनमधून येणाऱ्या मायग्रेनसाठी मंजुरी मिळाली. मायग्रेनमध्ये वाढणाऱ्या सीजीआरपी नावाच्या प्रथिनाला ते अडवतं. पण इथे धागाकर्तीसमोर आज तो पर्याय नाही, आणि अकरा वर्षांच्या बऱ्याच मुली ४५ किलोच्या नसतातही.

कोलशेतची_आई

सगळ्यांचे आभार. घरघरीचं फोनवर सांगितलं, डॉक्टरांनी तिथल्या तिथे प्रोप्रॅनोलॉल खोडलं. काल भेट झाली. टोपिरामेटबद्दल मीच नको म्हटलं. लेक मुळात अशक्त आहे आणि उन्हात बॅडमिंटनच्या कोर्टावर जाते. @सीबीडी_बेलापूर, घामाची गोष्ट विचारली तेव्हा डॉक्टरांनी वर बघून हसत विचारलं, कुठे वाचलंत?

त्यांचं म्हणणं असं. आधी सहा आठवडे वही, पोटात काहीतरी घालून बस, रविवारीही सातपर्यंत उठणं, शाळेत बाटली रिकामी करून आणणं, आणि दुखायला लागल्या लागल्या औषध, ओकारी येईपर्यंत थांबायचं नाही. शाळेला चिठ्ठी दिली आहे की वर्गात पाणी पिऊ द्या आणि औषध घेऊ द्या. एवढं करूनही आठवड्याला झटका येत असेल तर रात्री फ्लुनारिझिन, कमीत कमी डोसपासून. नवरा खूश, सासूबाई अजून एमआरआयवर अडून.

मला मात्र प्रश्न राहिला आहे. सुरू केलंच तर ते चालतंय की नाही हे कधी ठरवायचं? आणि आयुष्यभर घ्यावं लागतं का?

विटाव्याचा_बाबा

आमच्या डॉक्टरांनी अडीच-तीन महिने द्यायला सांगितले होते. पहिल्या पंधरवड्यात मी रोज चिडायचो की काही होत नाही.

जुईनगर_जाई

बरोबर, पूर्ण डोसवर आल्यावर साधारण दोन ते तीन महिने. त्याआधी चालत नाही म्हणून बदलत बसलं तर सगळी औषधं वाया जातात. चांगला गुण आला तर साधारण सहा महिने ते वर्षभर ठेवून हळूहळू काढून बघतात, शक्यतो सुट्टीत. आयुष्यभर नाही. @आकडेमोडने सांगितलेल्या २०१७ च्या चाचणीतल्या मुलांचा पुढे तीन वर्षं मागोवा घेतला होता. बहुतेकांनी गोळ्या सोडल्या होत्या आणि सुधारणा टिकली होती. फ्लुनारिझिन चालू असताना वजन दर महिन्याला लिहून ठेवा. पोर गप्प-उदास झालं, हात थरथरले किंवा हालचाल मंद वाटली तर लगेच डॉक्टरांना सांगा. हे क्वचित होतं, पण औषध थांबवायचं कारण आहे.

घोडबंदरी

पोटात काहीतरी घालून बस म्हणजे काय देताय? आमच्याकडे सहा वाजता तोंड उघडत नाही.

कोलशेतची_आई

रात्री करून ठेवलेला शेंगदाण्याचा लाडू आणि केळं. बसमध्ये खाल्लं तरी चालेल असं बसच्या मावशींकडून कबूल करून घेतलं आहे.

घोडबंदरी

आमच्या बसमध्ये खायला बंदी आहे. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत खाण्याचंही लिहिलंय का? मजकूर इथे टाकाल का, नाव-गाव काढून?

कोलशेतची_आई

टाकते रात्री. लेकीचा क्लास सुटला की.